बुडबुडा विरेपर्यंत

बुरुल आणि राबिगा यांची पहिली ओळख झाली ती एकमेकींच्या सपातांवरून. तोंड बघायची सोयच नव्हती. दोघींच्याही एकेका डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. अल्माटीच्या डोळ्यांच्या इस्पितळात एकाच सकाळी दोघींचं ऑपरेशन झालं, आणि पडदा जागेवर चिकटून राहावा म्हणून डॉक्टरांनी त्या डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुड्याचा स्वभाव वर चढायचा. त्याने मागचा पडदा दाबून धरावा असं वाटत असेल तर माणसाने मान खाली घालून राहायला हवं. झोपायचं ते पालथं, बसायचं ते टेबलावर कपाळ टेकून, चालायचं ते फरशीकडे बघत. त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या पायांत सोनेरी वेलबुट्टीच्या, मखमली, जरा मिरवणाऱ्या सपाता आहेत एवढंच बुरुलला ठाऊक होतं. आणि त्या सपातांचा आवाज मोठा होता.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?" पहिल्याच संध्याकाळी सपातांनी विचारलं.

"अत-बाशीची."

"म्हणजे किर्गिझ! तरीच. दुपारपासून एक शब्द नाही. कझाक बाई असती तर एव्हाना तिच्या सुनेची सगळी कुंडली मला कळली असती."

"कझाक बायांना वेळ असतो बोलायला," बुरुल उशीत तोंड खुपसून म्हणाली. "आमच्याकडे मेंढ्या असतात."

शेजारच्या खाटेवरून असं काही हसू फुटलं की नर्स धावत आली. "हसू नका, आपा! टाके आहेत आत!" मग दोघी उशीत तोंड दाबून हसल्या. परक्या देशात, परक्या शहरात आल्यापासून बुरुल पहिल्यांदा हसत होती.

राबिगा अल्माटीचीच. तीस वर्षं तिने ट्रॉलीबस चालवली होती, आता पेन्शनीत निघाली होती. नवरा गेलेला, मुलगा नोकरीनिमित्त दूर समुद्राकाठी. बुरुलचं घर डोंगरापलीकडे, बिश्केकच्याही पुढे, उंच खिंड ओलांडून जावं तेव्हा लागणारं. नवरा मुकाश, दोन गाई, घोड्या, मेंढरं. वसंतात एका सकाळी दूध काढता काढता तिच्या उजव्या डोळ्यावर काळी छाया पसरली, खालून वर काजळी चढावी तशी. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अल्माटीला न्या, उशीर करू नका. अल्माटीत शिवणकामाच्या कारखान्यात कामाला असलेली तिची भाची गाडीतळावर येऊन उभी राहिली, इस्पितळात भरती करून गेली. ती पोरगी स्वतः चार मुलींबरोबर एका खोलीत राहायची. तिच्याकडून याहून जास्त काय मागणार?

इस्पितळाच्या खिडकीखाली नुग्झार नावाच्या जॉर्जियन माणसाची खानावळ होती. रोज सकाळी तिथल्या भट्टीत पाव लागायचे. मातीच्या खोल भट्टीच्या भिंतीला थापलेले, होडीसारखे लांब पाव. त्यांचा वास खिडकीतून आत आला की दोघींच्या पुढ्यातली ओटची पांढरी लापशी आणखीच पांढरी दिसू लागे.

"ट्रॉलीबस चालवायची ना, तेव्हा या कोपऱ्यावर सिग्नल लाल व्हावा म्हणून देवाला विनवायची मी," राबिगा म्हणाली. "काच खाली करायची आणि नुसता वास घ्यायचा. मागचे लोक ओरडायचे, हिरवा झालाय, चला! मी म्हणायची, थांबा हो, माझी न्याहारी चाललीये."

"आत जाऊन कधी खाल्लं नाही?"

"खाल्लं की. मुलगा पास झाला तेव्हा. नवरा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि घर खायला उठलं, तेव्हा एकटी जाऊन बसले होते. तू कधी जॉर्जियन जेवण जेवलीस?"

"मी इस्पितळ सोडून अल्माटीतलं काहीच बघितलं नाही."

"मग ठरलं. मान वर करायची परवानगी मिळाली की पहिलं पाऊल नुग्झारकडे. कपडे बदलायलासुद्धा घरी जायचं नाही."

त्या दिवसापासून दोघींच्या बोलण्यातलं 'तुम्ही' गळून पडलं. राबिगाने लापशीचा चमचा उचलायचा आणि म्हणायचं, "ही घे, चीज भरलेली गरम खाचापुरी." बुरुलने म्हणायचं, "तूप जरा कमी पडलंय." असे दहा-बारा दिवस गेले.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी राबिगाला तपासायला नेलं होतं तेव्हा डॉक्टरीणबाई बुरुलच्या खाटेपाशी आल्या. पडदा छान बसलाय म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण आपा, बुडबुडा विरायला पाच-सहा आठवडे लागतील. तोवर विमानात बसायचं नाही, डोंगर चढायचा नाही. उंचावर गेलं की बुडबुडा फुगतो. फुगला की डोळा आतून दाबला जातो, आणि मग तो कोणाच्याच हातात राहत नाही. दर आठवड्याला मला दाखवायला या. अल्माटीत कोणी आहे ना तुमचं?"

"आहे," बुरुल म्हणाली.

डॉक्टरीणबाई गेल्या आणि बुरुल कितीतरी वेळ हातातल्या रुमालाच्या घड्या घालत बसली. कोण होतं तिचं? भाचीच्या खोलीत पाचवी खाट मावत नव्हती. बिश्केकमध्ये लांबचा एक दीर होता, त्याच्याशी कुरणावरून वाकडं आलेलं. आणि घरी गवतकापणी तोंडावर, तांबडी गाय व्यायला झालेली, मुकाश एकटा. त्याला चहा उकळायला ठेवला की चहा विसरायची सवय. तिने मनाशी हिशेब केला. डॉक्टरीणबाई सपाटीवरची बाई, तिला डोंगराचं काय कळतंय? आपण जन्मापासून खिंडी ओलांडतोय. डोळा मिटून घेऊ, डोकं रुमालाने घट्ट आवळू. संध्याकाळची बिश्केकची गाडी पकडायची, तिथून रातोरात पुढे. राबिगाला यातलं काही सांगायचं नाही. आधी जेवायचं, मग हसत निरोप घ्यायचा.

दुपारी दोघी इस्पितळातून बाहेर पडल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा एकमेकींकडे नीट बघितलं. राबिगा आवाजावरून धिप्पाड वाटली होती. निघाली बुटकी, गोल, केस मेंदीने लाल केलेली. तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी, बुरुलच्या उजव्या.

"अगं बाई, तू तर देखणी आहेस!" राबिगा ओरडली. "आणि मी समजत होते, एखादी वाळलेली काटकी असेल. चल, हात धर. तुझा डावा डोळा, माझा उजवा, मिळून एक धड माणूस रस्ता ओलांडेल."

रस्त्याकडेच्या पाटातून डोंगरावरचं पाणी खळाळत होतं. त्यावरची छोटी फळी दोघींनी हातात हात घालून ओलांडली.

खानावळ तळघरात होती. चार पायऱ्या उतरून खाली गेलं की सात-आठ लाकडी टेबलं, भिंतीला टांगलेल्या वाळक्या मिरच्यांच्या माळा, आणि कोपऱ्यात ती भट्टी. दुपारची गर्दी ओसरली होती. नुग्झार गल्ल्यामागे पेपर वाचत बसला होता. साठीचा, पोट सुटलेला, भुवया अशा दाट की त्यांच्या खालचे डोळे शोधावे लागत. त्याने पट्टी बांधलेल्या दोन म्हाताऱ्या पायऱ्या चाचपडत उतरताना पाहिल्या आणि पेपर टाकून धावला.

"सावकाश, सावकाश! वरच्या इस्पितळातून का? या, या, सोनपावलांनी या. इथे बसा, उजेड डोळ्यांवर येणार नाही. लामारा! बघ, कोण आलंय!"

"कोण आलंय?" स्वयंपाकघरातून बाईचा आवाज आला.

"मला काय माहीत! पाहुणे आलेत!"

राबिगाने यादी हातात घेतलीच नाही. दहा दिवसांत तिची ती पाठ झाली होती. खिंकाली, खाचापुरी, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, गाडग्यातला राजमा, आंबट हिरव्या आलुबुखारांची चटणी, आणि ते हिरवंगार गोड सरबत. बुरुल घाबरली. "दोघींना एवढं? लग्न आहे का कोणाचं?"

"डोळ्यांचं बारसं आहे," राबिगा म्हणाली.

आधी पाव आले. बुरुलने तुकडा मोडला आणि सवयीने आधी नाकाशी नेला. वरच्या मजल्यावर जो वास खिडकीतून उसना मिळत होता तो आता हातात होता, चटका देत होता. तिने डोळा मिटला आणि हळूहळू चावत राहिली.

मग खिंकाली आल्या. मुठीएवढ्या, मोदकासारख्या वर कळ्या पाडून देठ ठेवलेल्या, आत मांस आणि रस. बुरुल शहरी रीतीने काटा-चमचा घ्यायला गेली, तसा नुग्झार दोन टेबलांपलीकडून ओरडला, "आपा! नका! काट्याने भोसकलीत तर सगळा जीव ताटात सांडेल! देठ धरा, उलटी करा, जराशी चावा आणि आधी रस ओढून घ्या. मान खाली. अशी. आणखी खाली."

"आमच्यासाठीच केलाय हा पदार्थ," राबिगा म्हणाली. "मान खाली घालायची आम्हाला कोणी शिकवायला नको. पदवी घेऊन आलोय वरून."

बुरुलच्या हनुवटीवरून रस ओघळला, तिने तो मनगटाने पुसला आणि दुसरी उचलली. आपल्याकडच्या मांत्यांशी, त्या वाफवलेल्या मांसाच्या पुड्यांशी, हिचं नातं आहे, पण ही जास्त लाडावलेली आहे, असं तिला वाटलं. वांगी खाऊन ती चकित झाली. अक्रोड गोड शिऱ्यात घालायचा सोडून या लोकांनी लसणाबरोबर वाटला होता आणि तो तिथे शोभतही होता. राजमा मऊ, धण्याचा वास असलेला. सगळं इतकं चांगलं होतं की ती एकेक घास पुरवून पुरवून खाऊ लागली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. गाडीला वेळ होता.

नुग्झार हातात वाईनचा पेला घेऊन टेबलाशी आला. "सरबताने शुभेच्छा देणं आमच्यात बसत नाही. अशा शुभेच्छा अर्ध्या रस्त्यात थकून बसतात. पण तुम्हाला डॉक्टरांनी मनाई केली असणार. तेव्हा तुम्ही बोला, मी पितो. तिघांचं काम मी एकटा करीन."

"त्याग बघा माणसाचा!" लामारा दारातून म्हणाली. उंच, हडकुळी, कोपरापर्यंत पीठ लागलेली बाई. तीही हात पुसत येऊन उभी राहिली.

"पहिली शुभेच्छा पाहुण्यांना," नुग्झारने पेला उंचावला. "ज्या डोळ्यांनी आमचं दार शोधलं, त्यांना देव उजेड देवो. तुम्ही इथल्याच का?"

"मी इथली," राबिगा म्हणाली. "ही डोंगरापलीकडची. अत-बाशीची. बुरुल."

"अरे वा! मग दुसरी शुभेच्छा वाटेला. कधी निघणार, आपा?"

"संध्याकाळच्या गाडीने," बुरुलच्या तोंडून निघून गेलं.

राबिगाचा हात खाचापुरीवर थांबला. "कुठल्या गाडीने?"

"बिश्केकच्या."

"आणि तिथून?"

बुरुल गाडग्यात चमचा फिरवत राहिली.

"बुरुल, माझ्याकडे बघ. त्या एका डोळ्याने बघ. तिथून कुठे?"

"घरी. अजून कुठे?"

"खिंडीवरून?" राबिगाचा आवाज तळघरभर झाला. "अगं, माझ्या डोळ्यात आहे तोच बुडबुडा तुझ्या डोळ्यात आहे! सकाळी डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, महिनाभर मेदेऊलासुद्धा जायचं नाही. मेदेऊ! शहराला लागून असलेल्या डोंगरात, बस जाते तिथे, पोरं बर्फावर घसरायला जातात. आणि तू ढगातल्या खिंडीवरून जाणार? तुला नाही सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काय? गवतकापणी आहे. गाय व्यायलीये की नाही ठाऊक नाही. मुकाशला धड चहा करता येत नाही. आणि राहू कुठे? स्टेशनवर?"

"माझ्याकडे! दोन खोल्या आहेत माझ्या, त्यांत मी आणि कुंडीतला एक फिकस. दहा दिवस तुझ्याशी एवढं बोलले, त्यात हे कळलं नाही तुला?"

"तू बोलावलं नाहीस."

"बोलवायचं असतं का? मला वाटलं, भाचीकडे जाणार आहेस, रोज येऊन बसशील. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही काय रीत झाली?"

बुरुलचे कान लाल झाले. तिने रुमाल सारखा केला आणि उठली. "तू चांगल्या मनाची आहेस, राबिगा. पण दोन-चार दिवसांची पाहुणी वेगळी आणि महिना-दीड महिना दुसऱ्याच्या चुलीशी बसणं वेगळं. मला आयुष्यात कोणाच्या घरी फुकट घास गोड लागलेला नाही. जेवण छान होतं. देव तुमच्या भट्टीला बरकत देवो. मी निघते."

तिने पिशवी उचलली, पण पायरीचा अंदाज चुकला. एका डोळ्याला पायरी सपाट दिसते. पाय हुकला, आणि नुग्झारने दंड धरला नसता तर ती पिशवीसकट आपटली असती. लामाराने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि शांतपणे खुर्चीवर ठेवली.

"आपा, बसा," ती म्हणाली. "माझी सासू कुताइसीहून आठवडाभरासाठी आली होती. नऊ वर्षं राहिली. महिन्या-दीड महिन्याचं काय घेऊन बसलात?"

"माझी आई होती ती," नुग्झार कुरकुरला.

"म्हणून तर राहू दिली."

राबिगाचा राग एव्हाना उतरला होता. ती टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होती. मग तिने ते दोन्ही हात उचलून बुरुलपुढे धरले. बोटं थरथरत होती. थोडी नाही, चांगली पान हलावं तशी.

"हे बघ. इस्पितळात नर्स होती म्हणून तुला दिसलं नाही. दिवसातून चार वेळा डोळ्यात औषध घालायचंय. ऑपरेशनआधी घरी मी घालायची तर गालावर पडायचं, कानात पडायचं, एकदा फिकसवर पडलं. काल रात्रभर मी पालथी पडून विचार करत होते, हिला विचारू कसं? तू म्हणशील, ही कझाक बाई मोलकरीण शोधतेय. म्हणून मीही तोंड उघडलं नाही. आता बोल. फुकटचा घास म्हणे!"

बुरुल खाली बसली. दोन म्हाताऱ्या एकाच खोलीत शेजारी-शेजारी पालथ्या पडून एकमेकींना हेच विचारायला घाबरत होत्या, याचं तिला हसू येत होतं आणि रडूही.

"पण मुकाश," ती शेवटी म्हणाली.

"नंबर दे त्याचा."

फोन राबिगानेच लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. बराच वेळ घंटी वाजली. मग वाऱ्याचा घोंघावा आणि त्यातून मुकाशचा आवाज, "हां, बोला!"

"मुकाश भाऊ, मी राबिगा, अल्माटीहून. तुमच्या बायकोच्या शेजारच्या खाटेवरची."

मग तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "बहीणबाई, काय झालं? तिला काय झालं? डोळा...?"

"काही झालं नाही, डोळा उत्तम आहे. बसून वांगी खातेय. पण डॉक्टर म्हणतात, बुडबुडा विरेपर्यंत डोंगर चढायचा नाही. आणि ही म्हणते, आज रात्री निघते."

"मूर्ख आहे का ती?" मुकाश ओरडला. "बुरुल! ऐकतेस? गवत मी आणि शेजारी कापतोय. तांबडी परवा व्याली, कालवड आहे, कपाळावर चांदणी आहे. सगळं ठीक आहे इथे. काही मोडलं नाही." तो थांबला. "किटली जळली. नवीन आणलीये. तू काही येऊ नकोस."

"चहा कोण करतं तुम्हाला?" बुरुलने विचारलं.

"मीच करतो. पाण्यासारखा होतो. पितो." मग तो हळू आवाजात म्हणाला, "बुरुल, तू गेलीस त्या दिवशी गाडी वळणाआड गेली तोवर मी उभा होतो. मला वाटलं, आता ही परत येईल तेव्हा मला ओळखेल का, दिसेन का मी तिला. मला चहा नको. डोळा घेऊन ये. कितीही दिवस लागू देत."

लामारा भट्टीकडे तोंड करून उभी राहिली. नुग्झारने नाक शिंकरलं. बुरुल टेबलाचा कोपरा घट्ट धरून बसली. डॉक्टरांनी रडू नका म्हणून बजावलं होतं.

"बहीणबाई," मुकाश म्हणाला, "तुमचे उपकार..."

"उपकार-बिपकार काही नाही. ती माझ्या डोळ्यात औषध घालणार आहे. पण भाऊ, तुमची बायको घोरते, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"ते तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घेतली नसती," मुकाश म्हणाला, आणि पलीकडे तो हसत असल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

फोन बंद झाल्यावर नुग्झारने पेला पुन्हा भरला. "आता आपा बोलणार. आमच्याकडे पाहुण्याने बोलल्याशिवाय जेवण पुरं होत नाही."

बुरुलने आयुष्यात चार माणसांसमोर कधी भाषण केलं नव्हतं. तिने सरबताचा पेला हातात घेतला, उभी राहिली, परत बसली, परत उभी राहिली.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "डोळ्यापुढे काजळी आली तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. मग वाटेत एका ड्रायव्हरने मी ओकले तेव्हा गाडी थांबवली आणि स्वतःचं पाणी दिलं. त्याचं नाव विचारायचं राहिलं. भाचीने दिवसाची मजुरी बुडवली. रात्रीच्या नर्सने किती वेळा उशी सारखी केली, ती तर पोरीच्या वयाची. डॉक्टरीणबाईंचे हात मी बघितलेच नाहीत, पण ते माझ्या डोळ्याच्या आत जाऊन आले. या सगळ्यांना देव सुखात ठेवो. राबिगाला ठेवो. आणि..." तिने भट्टीकडे बघितलं. "तुम्ही रोज सकाळी पाव भाजत होतात. तुम्हाला काय ठाऊक, वर दोन म्हाताऱ्या पालथ्या पडून त्या वासावर दिवस काढतायत म्हणून. त्या वासासाठीही तुमचे आभार. लापशी खाली उतरली ती त्याच्यामुळे."

नुग्झारने पेला एका दमात रिकामा केला आणि भुवयांखालून बायकोकडे बघितलं.

"वासाचे आभार मानणारं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं," लामारा म्हणाली. तिने आत जाऊन भट्टीतून नुकताच काढलेला पाव कापडात गुंडाळला आणि बुरुलच्या पिशवीत घातला. जेवण संपल्यावर राबिगाने आणि बुरुलने तळवे पसरून तोंडावरून फिरवले. नुग्झारने छातीवर क्रूस काढला. संध्याकाळची बिश्केकची गाडी सुटली तेव्हा बुरुल राबिगाच्या बैठकीच्या खोलीत फिकसशेजारी अंथरूण घालत होती.

ते आठवडे बुरुलच्या आयुष्यातले सगळ्यात रिकामे आणि सगळ्यात भरलेले गेले. पट्टी निघाल्यावर त्या डोळ्याने तिला पहिल्यांदा वरची एक अरुंद कडाच दिसू लागली. जणू डोळ्यात एक तळं होतं आणि त्याच्या काठावरून ती बघत होती. डावा डोळा झाकून राबिगाकडे बघितलं की आधी तिच्या लाल केसांचं टोक दिसे, चार दिवसांनी कपाळ, मग भुवया. मान हलवली की तळं हिंदकळे. "आज कुठवर आले मी?" राबिगा रोज सकाळी विचारी. "नाकापर्यंत," बुरुल सांगे, "तोंड अजून दिसत नाही, देवाची कृपा." मग राबिगा खुर्चीवर डोकं मागे टाकून बसे आणि बुरुल तिच्या डोळ्यात औषधाचा थेंब सोडी. तिचा हात जराही हलत नसे. दुपारी दोघी नूडल्स लाटत, भांडत, फोनवर मुकाशला चहा किती वेळ उकळायचा ते सांगत. तपासणीच्या दिवशी परत येताना नुग्झारकडे उतरत. एकदा स्वयंपाकघरात माणूस कमी होता, तेव्हा बुरुलने बाह्या सरसावून खिंकाली वळल्या. लामाराने त्यातली एक उचलून उजेडात धरली, कळ्या बघितल्या आणि काही न बोलता ताटात ठेवली. नुग्झार म्हणाला, तिच्याकडून याहून मोठं कौतुक त्यालासुद्धा लग्नापासून मिळालेलं नाही.

एका सकाळी बुडबुडा मण्याएवढा झाला होता. बुरुल खिडकीशी बसून त्याला नजरेच्या तळाशी इकडून तिकडे गडगडताना बघत होती. दुपारी तो हरभऱ्याएवढा, आणि दुसऱ्या दिवशी उठून बघते तर नाहीच. समोरच्या घरावरचा पत्रा, तारेवरचं कबूतर, कबुतराचा लाल पाय, सगळं जागच्या जागी होतं. कडा थोड्या वेड्यावाकड्या दिसत होत्या. तेवढं राहील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बुरुलने त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. त्या गोंधळल्या आणि मग त्यांनीही तिला मिठी मारली.

गाडीतळावर राबिगा खूप बोलली, बहुतेक सगळं गाडीच्या टायरांबद्दल. गाडी सुटता सुटता ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "शेवटपर्यंत तोंड दिसलं ना माझं? कसं आहे?"

"बडबडं," बुरुल म्हणाली. याहून जास्त बोलली असती तर दोघींना आवरलं नसतं.

खिंडीच्या माथ्यावर तिने ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. खाली उतरून कितीतरी वेळ दोन्ही डोळ्यांनी बघत उभी राहिली. डोळ्यात काही फुगलं नाही, काही दुखलं नाही. नुसता गार वारा लागला. घरी पोचली तेव्हा मुकाश फाटकाशी उभा होता. त्याची दाढी वाढली होती, सदऱ्याचं बटण तुटलं होतं, आणि तिने ते दोन्ही लांबूनच बघून सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात, कुरणावर तंबू लागले तेव्हा राबिगा आली. तीस वर्षं ट्रॉलीबस चालवलेली ती बाई घोड्याजवळ जाईना. मुकाशला हे खरंच वाटेना. "कझाक बाई आणि घोड्याला घाबरते?" तो सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून दाखवू लागला. शेवटी तिला सगळ्यात म्हाताऱ्या, डोळे मिटून चालणाऱ्या घोडीवर बसवलं. मुकाशने लगाम धरला, बुरुल बाजूने पायी चालली, आणि राबिगा वरून ओरडत राहिली, "अहो, हिला ब्रेक कुठे आहे?" ओढ्यापर्यंत जाईतो ती गप्प झाली. तिथून पुढे सगळं कुरण, खाली नदी, समोर बर्फाचे डोंगर. घोडी थांबली आणि गवत खाऊ लागली.

"बुरुल," राबिगा वरून म्हणाली, "हे तू रोज बघतेस?"

"रोज," बुरुल म्हणाली.

राबिगाने घोडीच्या मानेवर हात ठेवला. तिची बोटं थरथरत होती, पण घोडीला त्याचं काही वाटलं नाही. तिघंही तिथे बराच वेळ थांबली, घोडीचं पोट भरेपर्यंत.